सातव्या चंद्रावरची भट्टी

सातारा,
२४ जून १९९४

रफिकचाचांना संघप्रियाचा जयभीम.

मी वसतिगृहात पोचले. ट्रंकही पोचली, फक्त तिचा एक कोपरा चेपला. एका खोलीत आम्ही चौदा मुली आहोत. मी रडत नाही असं आईबाबांना सांगा. तुम्हाला म्हणून खरं सांगते, मी रोज रडते, पण न्हाणीघरात, म्हणजे कुणाला दिसत नाही.

इथलं वाचनालय म्हणजे एक कपाट. त्याला कुलूप, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. आत सगळी थोरांची चरित्रं आणि 'नखे वेळच्या वेळी कापावीत' छाप पुस्तकं. एकातही राक्षस नाही, यान नाही, गुप्त भुयार नाही. शिवाजी पेठेत तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात बाबांबरोबर यायचे तेव्हा खळीच्या डब्याशेजारी बसून दोन तासांत निम्मं पुस्तक व्हायचं. तुम्ही मात्र 'गिऱ्हाईक आलं' म्हणून हातातलं पुस्तक काढून दाबयंत्रात घालायचात. 'उलट्या नदीचं राज्य' तसंच राहिलं. नदी डोंगर चढून वर निघाली होती आणि तुम्ही स्क्रू आवळलात. पुढे काय झालं?

बाबा म्हणाले होते, काय वाचायचं ते चाचाला विचार, तो पुस्तकं शिवतो म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार. तर सांगा.

महिन्याभरात बरं वाटलं नाही तर मी येणार आहे. कोल्हापूरची एसटी कुठल्या फलाटावर लागते ते बघून ठेवलंय.

तुमची
संघप्रिया कांबळे, इयत्ता सहावी

—

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
५ जुलै १९९४

चि. संघप्रियास रफिकचाचाचे आणि शमशादचाचीचे खूप आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मी तुझ्या बाबाला दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. न्हाणीघराचा भाग गाळला. फलाटाचा गाळला नाही. तो हसला आणि म्हणाला, "हिचा नंबर लागला म्हनून आख्ख्या फौंड्रीत पेढं वाटल्यात मी. आता ही परत आली तर मी कुठल्या फलाटावर जाऊ?" तेव्हा जरा दमानं घे.

आता पुस्तकांचं. मला सगळं ठाऊक नाही, पण एक गोष्ट ठाऊक आहे. पुस्तक चांगलं की वाईट हे मला न वाचता कळतं. पुस्तक म्हणजे काय, सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवून शिवलेले. वाचनालयाचं पुस्तक फाटून माझ्याकडे आलं की मी आधी फर्मे बघतो. पहिला मळलेला आणि बाकी कोरे करकरीत, म्हणजे पोरांनी सुरुवात केली आणि टाकून दिलं. सगळे सारखे मळलेले, म्हणजे पुस्तक बेस. आणि शेवटचा फर्मा सगळ्यात आधी सुटलेला असेल तर डोळे झाकून घे, कारण पोरांनी तो धीर न धरवून पुन्हा पुन्हा उघडलेला असतो. थोरांच्या चरित्रांचे फर्मे कसे असतात ते विचारू नकोस.

सोबत 'उलट्या नदीचं राज्य' पाठवतोय. रद्दीतली प्रत आहे, नवी शिवलीय. खळीत मोरचूद घातलाय, तेव्हा पुठ्ठा चाटू नकोस, किड्यांसाठी आहे. ते झालं की 'हिरव्या सूर्याचे चोर' वाच. त्यात एक मुलगी यान चालवते आणि दोन वेळा उलटी करते. असलं खरं लिहिणारा लेखक क्वचित मिळतो.

तुझा
रफिकचाचा

—

सातारा,
१८ सप्टेंबर १९९४

रफिकचाचांना जयभीम.

दोन्ही पुस्तकं झाली. आता खोलीतल्या सगळ्याजणींची चालू आहेत, त्यामुळे फर्मे तुमच्या मनासारखे मळतायत. 'चोर' जास्त आवडलं. 'नदी'मध्ये शेवटी सगळं स्वप्न होतं असं निघालं, तेव्हा मी पुस्तक भिंतीवर फेकलं. टाके तुटले नाहीत.

दुसरं सांगायचं म्हणजे महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे पालक भेटायला येतात. जूनमध्ये बाबा आले, जुलैत आले. ऑगस्टमध्ये फक्त आई आली. म्हणाली, त्यांना कामावरून सुटका नाही. मी सकाळपासून फाटकापाशी बसले होते. माझ्या मैत्रिणीचे बाबा गवंडी आहेत, तेही येतात.

बाबांना विचारा, त्यांना मी इथे असलेलं आवडत नाही का? मग येऊ का परत? मला नाही आवडत इथे. गणिताच्या बाई चांगल्या आहेत, तेवढंच.

तुम्ही खरं सांगाल म्हणून तुम्हाला विचारते.

संघप्रिया

—

कोल्हापूर,
२९ जानेवारी १९९५

चि. संघप्रियास आशीर्वाद.

तू दिवाळीत येऊन गेलीस, नंतर माझ्याकडून लिहायचं राहिलं. शाळांच्या हजेरीपटांची बांधणी होती. तुझ्या बाबाचंही तसंच, फौंड्रीत ऑर्डर मोठी आहे. या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात त्याला यायला जमणार नाही. बारीक झालाय म्हणालीस, ते भट्टीपुढं उभं राहिलं की होतंच. काळजी करू नकोस.

सोबत एक पुस्तक आहे, 'सातव्या चंद्राची मोहीम'. आजवर जेवढी पाठवली त्यात हे सगळ्यात वरचं. निरंजन नावाचा तुझ्या वयाचा मुलगा, त्याचा बाप यानावरचा कारागीर. मोहीम सातव्या चंद्रावर उतरते, यानाचा एक भाग मोडतो, आणि बाकीचे लोक छोट्या यानातून परत येतात. बाप मागं राहतो. निरंजन रोज बिनतारी यंत्रापाशी बसून त्याच्याशी बोलतो. पुढचं सांगत नाही.

एकच अट. शेवट आधी उघडायचा नाही. आणि शेवट वाचून झाला की त्याच दिवशी मला लिहायचं, कसा वाटला ते. सगळं लिही, काही गाळू नकोस. आम्ही वाट बघतोय.

परीक्षा एप्रिलमध्ये आहे ना? ती देऊनच यायचं.

रफिकचाचा

—

सातारा,
१९ फेब्रुवारी १९९५

रफिकचाचांना जयभीम.

झालं! दोन दिवसांत झालं. मग मी मोठ्यानं सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. बाप यानातून उतरतो आणि निरंजनला त्याचे हात आधी दिसतात, भाजलेले, तिथे आमची एक मुलगी रडायला लागली आणि मग सगळ्याच. नंतर टाळ्या वाजवल्या. बाई काय झालं म्हणून धावत आल्या.

सगळं लिही म्हणालात म्हणून चुकाही लिहिते. एक, चंद्रावर हवा नाही असं लेखकानेच तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. मग बापाने तिथे भट्टी कशी पेटवली? विज्ञानाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या अशक्य. दोन, मोडलेला भाग ओतायला त्याने वाळूचा साचा केला ते ठीक, पण वाळूत काकवी मिसळली? सातव्या चंद्रावर काकवी कुठून आली? लेखक कोल्हापूरचा आहे का? तीन, शेवटची आठ पानं वेगळीच दिसतात. अक्षरं लग्नपत्रिकेसारखी आहेत, गोल गोल.

पण चाचा, हा लेखक भट्टीबद्दल लिहायला लागला की लई छान लिहितो. आधीची पानं जरा शाळेच्या पुस्तकासारखी होती. शेवटी मात्र 'लोखंडाचा रस लालाचा पांढरा झाला की बघायचं नाही, ऐकायचं' असं लिहिलंय. बाबाही असंच म्हणतात ना? त्यांना वाचून दाखवा, आवडेल.

आणि बाबांना सांगा, मी आता फलाटाकडे बघत नाही. निरंजन दोन वर्षं थांबला, मला तर दोनच महिने थांबायचंय. परीक्षा देऊनच येते. मग आम्ही दोघं तुमच्या दुकानात येतो आणि मी त्यांना पूर्ण पुस्तक वाचून दाखवते.

संघप्रिया

—

कोल्हापूर,
९ एप्रिल १९९५

चि. संघप्रियास आशीर्वाद.

उद्यापासून पेपर ना? गणिताच्या पेपराला घाई करू नकोस.

परीक्षेनंतर काय वाचायचं ते सांगायला हे पत्र. 'बुटक्या राक्षसाची मुलगी' काढून ठेवलंय. तीनशे पानं आहेत, सगळे फर्मे सारखे मळलेले. राक्षसाची मुलगी असून तिला उंचीची भीती वाटते, अशी गोष्ट. दुसरं एक समुद्राखालच्या शहराचं आहे, पण त्याची मधली पानं गेलीत, ती मिळाली की सांगतो.

लग्नपत्रिकेसारख्या अक्षरांचं विचारलं होतंस. प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे कमी पडले की दुसरे वापरतात. असतं तसं.

घरी सगळे तुझी वाट बघतायत. न्यायला मी स्वतः येईन.

रफिकचाचा

—

गडहिंग्लज,
३ मे १९९५

रफिकचाचा,

आम्ही मामाकडे आलोय. कोल्हापूरची खोली सोडली.

बाबा सहा तारखेला गेले आणि तुमचं पत्र नऊ तारखेचं आहे. ते माझ्याजवळ आहे. त्यात राक्षसाची मुलगी आहे, समुद्राखालचं शहर आहे, आणि बाबा नाहीत. मी शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही फाटकापाशी उभे होता. मला वाटलं, बाबा तुमच्या मागे असतील.

जानेवारीपासून ते दवाखान्यात होते. सगळ्यांना माहीत होतं. मी तिथे खोलीत टाळ्या वाजवत होते.

मी फक्त पुस्तकात वाचलं म्हणून थांबले. तेव्हाच पळून आले असते तर ते मला भेटले असते. त्या लेखकाला माझ्याकडून कळवा की तो खोटारडा आहे.

आता पुस्तकं पाठवू नका. पत्रही नको.

संघप्रिया

—

ता. चंदगड,
२२ जून २००६

आदरणीय रफिकचाचा,
जयभीम.

हस्ताक्षर ओळखलंत का ते माहीत नाही. पत्त्यावर दुकान अजून आहे असं कळलं म्हणून लिहिते. मी गेली तीन वर्षं इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आई माझ्याजवळ असते. बरी आहे.

काम असं आहे की शाळेच्या वाचनालयाला यंदा पुस्तकं घेता येणार आहेत आणि यादी मी करायची आहे. जी यादी वरून येते तिच्यात पुन्हा तेच, थोर लोक आणि नखं. माझ्या वर्गात नऊ ते तेरा वयाची एकतीस मुलं आहेत. त्यांना साहसाच्या, यानांच्या, जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या हव्यात. यासाठी कुणाला विचारायचं हे मी आठ दिवस ठरवत होते. खरं तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

एकच विनंती. 'सातव्या चंद्राची मोहीम' यादीत नको. माझ्या वर्गात सोनम नावाची मुलगी आहे. तिचे वडील उसाच्या ट्रॅक्टरवर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर ती फारसं बोलत नाही, पण मिळेल ते वाचते. बाप परत येतो असलं पुस्तक मी तिच्या हातात देणार नाही.

आपली
संघप्रिया कांबळे

—

कोल्हापूर,
२ जुलै २००६

चि. संघप्रियास,

हस्ताक्षर पाकिटावरच ओळखलं. शमशादनं चहा गार झाला म्हणून दोनदा हाक मारली, मी पाकीट हातात धरूनच बसलो होतो. तू मास्तरीण झालीस हे ऐकून ऊर भरून आला.

माझी नजर अधू झालीय, पण फर्मे बोटांनाही कळतात. यादी अशी. 'हिरव्या सूर्याचे चोर' घेच, पण नवी आवृत्ती गमानं चिकटवलेली आहे, एका पावसाळ्यात पानं सुटतील. मला पाठव, मी शिवून देतो. 'बुटक्या राक्षसाची मुलगी' घाबरट पोरांना दे, आणि धीट पोरांनाही दे, ती जास्त घाबरट असतात. 'उलट्या नदीचं राज्य' घे, फक्त शेवटचं प्रकरण वाचू नका म्हणून सांग. मग ते नक्की वाचतील आणि चिडतील. पोरांनी पुस्तकावर चिडलं पाहिजे. ज्यांना लांबलचक वाचवत नाही त्यांच्यासाठी 'मुंग्यांचं विमान', साठ पानांचं आहे. ज्यांत मुली यानं चालवतात, घोडे पळवतात अशा पुस्तकांची वेगळी चिठ्ठी आत आहे. थोरांचं एखादं ठेव, नाहीतर साहेब रागावतील.

दहा-बारा पुस्तकं माझ्याकडची रद्दीतली शिवून पाठवतोय, शाळेला भेट. त्यात तू नको म्हणालेलं पुस्तकही आहे. चुकून नाही गेलं. ही दुसरी प्रत आहे, मागच्या वर्षी हाती आली. सोनमला देऊ नकोस. पण तू वाच. शेवटपर्यंत वाच. मी तोंडानं सांगू शकलो नाही, अकरा वर्षं झाली.

रफिकचाचा

—

ता. चंदगड,
६ ऑगस्ट २००६

चाचा,

तुमचं गठुडं आलं त्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला गेले होते. मुलांनी सोडलं. मी परत आले तोवर सोनमनं 'सातव्या चंद्राची मोहीम' घरी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि स्वतःहून माझ्या टेबलाशी उभी राहिली. एवढं कधी बोलत नाही ती. म्हणाली, "बाई, ह्यातला बाबा येत न्हाय. यंतर गप हुतंय. बाकी पुस्तकात सगळ्यांचं बाबा येत्यात. ह्ये खरं लिवलंय."

मी म्हटलं, तू शेवट वाचला नाहीस नीट, तो येतो. ती म्हणाली, "न्हाय बाई, तुमी वाचलं न्हाईसा." आणि पान काढून दाखवलं.

शेवटचा संदेश येतो, "निरंजन, दिवा मालव आणि झोप." यंत्र गप्प होतं. संपलं. भट्टी नाही, काकवी नाही, भाजलेले हात नाहीत.

माझी जुनी प्रत ट्रंकेच्या तळाशी होती. टाकून द्यायची म्हणून अनेकदा काढली आणि ठेवली. दोन्ही शेजारी ठेवून बसले. माझ्या प्रतीत शेवटची आठ पानं वेगळ्या कागदाची आहेत. मी अकरा वर्षांची असताना मला ते दिसलं होतं, मी तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, खिळे कमी पडले.

चाचा, ही पानं कुणी लिहिली? मला अंदाज आहे. पण अंदाज नको, तुम्ही सांगा.

संघप्रिया

—

कोल्हापूर,
१५ ऑगस्ट २००६

चि. संघप्रिया,

तुझ्या बाबानं.

आता सगळं सांगतो. जानेवारीत त्याला दवाखान्यात ठेवलं. वीस वर्षं फौंड्रीतल्या काळ्या वाळूची धूळ छातीत गेलेली, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. त्यालाही कळलं होतं, कुणी न सांगता. मी रोज दुपारी भेटायच्या वेळेत जायचो. तुला पाठवायचं पुस्तक आधी त्याला वाचून दाखवायचो, तो म्हणायचा, "पोरगीला काय चारतोस ते मला बघू दे." त्या आठवड्यात 'मोहीम' होतं. तो बाप कारागीर निघाल्यावर तुझा बाबा उशीला टेकून उठून बसला. रोज विचारायचा, "आला का त्यो परत?" शेवट वाचला तेव्हा त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाला, "ह्ये पोरीला पाठवायचं न्हाय."

मी म्हटलं, दुसरं पाठवतो. तर म्हणाला, "न्हाय, ह्येच पाठव. पुस्तक बेस हाय. शेवट बदल."

मी म्हटलं, बाबासो, मी पुस्तक शिवतो, लिहीत नाही. तर म्हणाला, "मग मी सांगतो, तू लिव. कारागीर मानूस हाय त्यो, एक भाग मोडला म्हनून बसून ऱ्हाईल व्हय? वाळू हाय का न्हाय तिथं? मग साचा करंल, रस वतंल." चार दुपारी तो सांगत होता, मी लिहीत होतो. खोकला आला की थांबायचो. काकवीवरून मी अडवलं, तर माझ्यावरच डाफरला, "काकवीबिगर वाळू धरत न्हाय, तुला काय कळतंय?"

पिराजी तुला आठवत असेल, आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापायचा. त्याच्यापाशी असतील त्या खिळ्यांनी त्यानं आठ पानं जुळवली. ज्या खिळ्यांनी 'चि. सौ. कां.' छापायचा त्यांनी सातवा चंद्र छापला. मी पुस्तकाचा शेवटचा अर्धा फर्मा काढला, हा शिवला, आणि तुला पाठवलं. आयुष्यात पुस्तकाशी केलेली तेवढीच बेइमानी.

तुझं फेब्रुवारीचं पत्र त्याला वाचून दाखवलं. हवा नाही तर भट्टी कशी पेटली, हे ऐकून तो इतका हसला की सिस्टर आल्या. म्हणाला, "बघ, कशी चूक धरली माझी! ही न्हाय फौंड्रीत जायची." मग पत्र तीन वेळा वाचायला लावलं. त्या टाळ्या कितीजणींनी वाजवल्या ते विचारलं. मी म्हटलं, चौदा. 'मी फलाटाकडे बघत नाही' या ओळीवर त्यानं डोळे मिटले.

त्या दिवशी मी त्याला विचारलं. बाबासो, तू तर येणार नाहीस, मग पोरीला असलं का लिहिलंस? तो म्हणाला, "मी येनार न्हाय त्ये मला ठावं हाय. पर परीक्षेपत्तोर तरी बाप येऊ दे की." आणि मला गळ्याची शपथ घातली, परीक्षा होईतोवर तुला काही कळवायचं नाही.

म्हणून नऊ एप्रिलचं ते पत्र. त्याला मातीत ठेवून तीन दिवस झाले होते आणि मी राक्षसाच्या मुलीबद्दल लिहीत होतो. तुला राग आला तो रास्त होता. तू बाबाला भेटली असतीस. ते मी आणि त्यानं मिळून तुझ्याकडून घेतलं. तो अडाणी होता, त्याला तेवढंच सुचलं. मी तर तुला चांगला ओळखत होतो, मी त्याला समजवायला हवं होतं. ही माझी चूक आहे, त्याची नाही.

मग तू लिहिलंस, लेखकाला कळवा की तो खोटारडा आहे. आता लेखक कोण हे मी तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. तू मोठी झालीस, मी म्हातारा झालो.

रागव हवं तर. पण या वेळी पत्र बंद करू नकोस.

रफिकचाचा

—

ता. चंदगड,
१० सप्टेंबर २००६

प्रिय रफिकचाचा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिलाही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आठ पानं? मला तर चार ओळींचं पत्र कधी लिवलं न्हाय." मग आम्ही दोघी हसलो आणि मग ती देवळीतल्या बाबांच्या फोटोकडं तोंड करून बसली.

मला राग आहे. तो जाणार नाही, आणि तो गेला असं मी ढोंगही करणार नाही. मला त्यांना भेटायचं होतं. पण अकरा वर्षं मी कुणा भलत्याच माणसावर रागावले होते. आता ज्याच्यावर रागावायचं त्याच्यावर रागावले, आणि पहिल्याच रात्री राग निम्मा झाला. बाबांवर मला कधीच फार वेळ रागावता आलं नाही. तुमच्यावरही नाही, चाचा. त्या फाटकापाशी उभं राहताना तुम्हाला काय झालं असेल, हे मला आज कळतं. आता मीही पोरांना काय सांगायचं आणि काय नाही, हे रोज ठरवते.

ती आठ पानं मी पुन्हा वाचली, यावेळी त्यांच्या आवाजात. काकवीपाशी त्यांचं डाफरणं ऐकू आलं.

मग मी एक केलं. माझी प्रत शाळेच्या वाचनालयात दाखल केली. नोंदवहीत 'लेखक' असा रकाना असतो. तिथे आधी छापील लेखकाचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'व बाबासो कांबळे, शेवटची आठ पाने'. हेडमास्तर म्हणाले, हे कोण? मी म्हटलं, कोल्हापूरचे आहेत.

ती प्रत सोनमला मी स्वतः दिली. सांगितलं, याचा शेवट वेगळा आहे, तुला आवडणार नाही कदाचित. चार दिवसांनी तिनं परत आणली. मी विचारलं, कुठला खरा वाटला? ती म्हणाली, "पैलाच खरा हाय, बाई. ह्यो बाबा येतोय त्ये खोटं हाय. पर यायसाठी किती केलं त्यानं!"

मी नोंदवही पुढं ओढली, परतीची सही घ्यायला. तिनं सही केली आणि रकान्यातलं नाव बोट ठेवून वाचलं. मग विचारलं, "बाई, ह्या बाबासो कांबळ्यांचं आनि कुठलं पुस्तक हाय का?"

मी म्हटलं, नाही गं, एवढंच.

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आजून लिवायला पायजे हुतं त्येनी."

तुमची
संघप्रिया